गणपत शेंडेचा कार्डिओग्राम

"थंड लागेल हं."

हे तीन शब्द मी जितक्या वेळा बोललोय, तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं, तर मोक्ष नाही तरी निदान डावं-उजवं कळण्याइतकी बुद्धी देवानं दिली असती. ती का लागते, ते पुढं येईलच.

मी कार्डिओग्राम काढतो. डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीतला माणूस. शिक्षण नववी, तेही दोनदा बसून नापास. ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातून मी एकोणिसाव्या वर्षी नाशिकला आलो तो नव्वदीच्या सुरुवातीला. गाव सोडताना बाशी, म्हणजे वडलांशी, भांडण झालं होतं. "मोठा माणूस होऊनच येईन," असं मी ऐटीत बोललो आणि इंदिरानगरात एका हृदयविकाराच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात फरशी पुसायला लागलो. त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. सहा महिन्यांनी त्या म्हणाल्या, "रामदास, फरशी छान पुसतोस, पण पुसताना मशीनकडेच बघत असतोस. ये इकडे." तेव्हापासून आजपर्यंत मी जे काही चार घास खातोय, ते त्या 'ये इकडे'वर.

काम बाहेरच्याला वाटतं तेवढं अवघड नाही. पेशंटला निजवायचं, मनगटांना आणि घोट्यांना पट्टे, छातीवर रबरी फुग्याच्या सहा वाट्या. त्याच्या आधी जेली, म्हणून "थंड लागेल हं". लाल तार उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला. मशीनची तापलेली सुई कागदावर डोंगर काढत जाते. मग त्या पट्टीचे तुकडे कापून कार्डावर चिकटवायचे. कातरकाम आणि चिकटकाम. नववी नापासाला याहून योग्य काम नाही.

फक्त उजव्या-डाव्याची माझी लहानपणापासून बोंब होती. पेशंट आपल्याकडे तोंड करून असतो, त्याचा उजवा तो आपल्या डावीकडे. मॅडमनी दहादा समजावलं, माझ्या डोक्यात भोवरा फिरायचा. शेवटी मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून स्वतःची युक्ती काढली. लाल माझ्या डावीकडे, पिवळी माझ्या उजवीकडे. बस्स. एकदाही चूक झाली नाही. ही युक्ती मी मॅडमना सांगितली नव्हती.

मॅडमच्या दोन पद्धती मी दुसऱ्या कुठल्याच दवाखान्यात पाहिल्या नाहीत. एक म्हणजे तारा लावायच्या आधी पेशंटला विचारायचं, काय होतंय, कुठं होतंय, कधी होतंय. आणि तो बोलेल तसंच्या तसं, त्याच्याच शब्दांत, कार्डाच्या मागे लिहायचं. दुसरी गंमतच होती. पट्टी काढून झाली की पेशंटला म्हणायचं, "डोळे मिटा, नाडीला हात लावू नका, मिनिटभर आतले ठोके मोजा." मी तेवढ्यात मशीनवरचे मोजायचो. मॅडमना बघायचं असायचं, कुणाला स्वतःचं काळीज किती ऐकू येतं.

बहुतेकांना येत नाही. शेजारच्या गल्लीतले निवृत्त हेडमास्तर रोज दुपारी साडेचारला बी.पी. मोजायला यायचे. त्यांनी डोळे मिटले, मिनिट झालं, ठणठणीत आवाजात म्हणाले, "बहात्तर!"

मशीन म्हणत होतं शहाण्णव.

"सर, शहाण्णव आहेत."

"शक्य नाही. माणसाचे बहात्तर असतात."

"पण तुम्ही मोजले किती?"

"मोजायचं काय त्यात? पाठ आहे."

दुसरे आमचे तात्या. मखमलाबादकडचे, गुलाब आणि झेंडू पिकवणारे. छातीत आग होते, कानशिलं तापतात, म्हणून आले. मी लिहून घेत होतो.

"कधी होतं तात्या?"

"बांधावर गेलो का. गॅस हाये तो."

"बांध ओलांडला की?"

"उतरतो ना गॅस."

आतून मॅडमचा आवाज आला, "बांधाच्या पलीकडे कुणाचं शेत आहे?"

"धाकट्या भावाचं."

"भाऊ दिसला की होतो का गॅस?"

"त्याला कशाला दिसाया पाहिजे? त्याची मोटर चालू झाल्याचा आवाज आला तरी होतो."

पट्टी साफ होती. मॅडमनी विचारलं, "तात्या, तुम्हाला भावाचा राग येतो का हो?" तात्या खरोखर चकित झाले. "राग? छ्या! मी त्याच्याशी सहा वर्सं बोललेलो सुदिक नाही, राग कुठून येईल?"

तिसरी पार्वताबाई. दवाखान्याच्या खिडकीला लागून एका इमारतीचं बांधकाम चालू होतं. तिथं पेठकडची डोंगरातली माणसं भातकापणी उरकून कामाला आली होती. ही बाई विटा उचलताना चक्कर येऊन पडली, म्हणून मुकादमानं पाठवली. मी कार्ड उलटं करून विचारलं, "काय होतंय?"

"पोर गावाला ठेवलाय म्हाताऱ्यांजवळ. त्याची आठव आली का इथं दाबतं," तिनं छातीच्या मध्यावर बोट ठेवलं, "मंग घास उतरत नाय. उपाशी राहिली म्हणून पडली. तुझ्या तारा काय करतील?"

"मग आलात कशाला?"

"मुकादम बोलला, दाखवून ये तर काम देतो. लाव आता, लाव."

ठोके मोजायला सांगितले तर म्हणाली, "मला विसाच्या म्होरं येत नाय." मग डोळे मिटून तिनं पलंगाच्या लोखंडी पट्टीवर बोटानं टिचकी मारायला सुरुवात केली. टिक, टिक, टिक. प्रत्येक टिचकीला मशीनची सुई उडत होती. एकही चुकली नाही. मॅडम खुर्ची सोडून बाहेर आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. बाई गेल्यावर म्हणाल्या, "हिला ठोकाही ऐकू येतो आणि तो काय म्हणतोय तेही कळतं. बाकी आपण सगळे अर्धवट." त्यांनी मुकादमाला निरोप धाडला, हिला विटा देऊ नका. त्यानं तिला टोळीचा स्वयंपाक करायला बसवलं. चूल नेमकी आमच्या खिडकीखाली.

आता माझं सांगतो. ठोके मोजण्यात मी दवाखान्यात पहिला होतो. मशीन चौऱ्याऐंशी, मी चौऱ्याऐंशी. पण ते ठोके कशासाठी पडतायत याचा मला पत्ता नसायचा. भीती वाटली की मी जेवायचो, राग आला की झोपायचो. एकदा मॅडम पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "हा माझा उजवा हात." माझं अंग तापलं, डोळे चुरचुरले, मी घरी जाऊन तापाची गोळी घेऊन पडलो. तो आनंद होता हे मला पुढं दोन वर्षांनी कळलं.

त्याच वर्षी, माझ्या नाशकातल्या पाचव्या दिवाळीनंतर, मला त्रास सुरू झाला. छाती धडधडायची, पोटात खड्डा पडायचा, घसा आवळून यायचा. पाचला पेशंट सुरू व्हायचे, त्याआधी साडेचारला स्टाफमधला मी एकटाच येऊन मशीन मांडायचो, नेमका तेव्हा. दहा मिनिटं, कधी वीस. मी हबकलोच. रोज काळजाची माणसं बघत होतो, हा हृदयविकारच, हे मला काय कळत नव्हतं होय?

कुणाला तरी सांगावं म्हणून आमच्या दवाखान्यातल्या शैला सिस्टरला सांगितलं. सिस्टर कळवणची. औषध द्यायच्या आधी निदान द्यायची.

"प्रेमात पडलायस तू," ती म्हणाली. "साडेचारला कोण येतं रे इथं?"

"हेडमास्तर."

सिस्टरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग अवघड आहे भावा."

शेवटी एका दुपारी, हेडमास्तर बी.पी. मोजून गेल्यावर, त्रास चालू असतानाच मी दार लावून घेतलं आणि पलंगावर चढलो. स्वतःच स्वतःला कार्डिओग्राम काढणं म्हणजे स्वतःची पाठ खाजवत सुईत दोरा ओवणं. मनगटाचे पट्टे दातांनी ओढले, छातीवरच्या वाट्या चिकटवल्या, "थंड लागेल हं," असं स्वतःलाच म्हणालो आणि हात लांबवून बटण दाबलं.

पट्टी बाहेर आली. पहिल्याच ओळीतले डोंगर उलटे. दऱ्या झालेल्या. डॉक्टर नसलो तरी हजारो पट्ट्या मीच चिकटवल्या होत्या. पहिली ओळ अशी पायाला छत अन् डोक्याला जमीन मी कधीच पाहिली नव्हती. पुन्हा काढली. उलटी. तिसऱ्यांदाही उलटी. मशीन बिघडलं असेल म्हणून पाच वाजता आलेल्या तात्यांची धडधडत्या छातीनं काढली. त्यांची सरळ, सुंदर. म्हणजे मशीन नाही, मीच बिघडलो होतो.

मॅडमना विचारायचं तर काळीज उलटं झालेल्या माणसाला कामावर कोण ठेवेल, ही भीती. घरी जावं तर त्याहून मोठी. कारण मी पत्रात एकदाच लिहिलं होतं, 'मॅडमनी मला काळजाचा फोटो काढायला शिकवला.' बानं ते पत्र चावडीवर वाचलं. मग पुढच्या पत्रात बाचा मजकूर आला, 'गावात सर्वांना सांगितले की पोरगा काळजाचा डॉक्टर झाला. तू आला की मानसं दाखवाले येतील.' आधी ते भांडण आणि वर हे निस्तरायची भीती, म्हणून मी पाच वर्षं गावाकडं फिरकलो नव्हतो. आता एकदम तिरडीवरच डॉक्टर म्हणून जायचं की काय!

मी आवराआवर सुरू केली. चांगली रजई खोलीतल्या जोडीदाराला देऊन टाकली. हेडमास्तरांना वाकून नमस्कार केला, ते म्हणाले, "परीक्षा आहे का?" शैला सिस्टरला म्हणालो, "सिस्टर, माझ्याकडून काही चुकलं असेल तर..."

"चुकलंय ना. काल जेलीची बाटली उघडी टाकून गेलास."

पण मरण्याआधी निदान तरी कळावं, एवढी हौस माणसाला असतेच. मी ती पट्टी नीट कापून कार्डावर चिकटवली. नाव घातलं, गणपत शेंडे, वय चोवीस, राहणार येवला. मागं पद्धतीप्रमाणे तक्रार लिहिली आणि ते कार्ड त्या दिवसाच्या पेशंटांच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवलं.

मॅडम एकेक कार्ड बघत होत्या. गणपतपाशी थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"रामदास, हा गणपत कुठंय?"

"गेला, मॅडम."

"म्हणजे?"

"म्हणजे... येवल्याला. एसटी होती."

"त्याला एकट्यालाच पाठवलंस?"

"गंभीर आहे का, मॅडम?"

"खूप." त्यांनी कार्ड माझ्याकडे वळवलं. "ही हाताची ओळ उलटी. म्हणजे एक तर याचं काळीज उजवीकडे आहे. पण छातीच्या सहाही ओळी बघ, एकदम सरळ. काळीज उजवीकडे असतं तर या अशा आल्याच नसत्या. मग उरतं काय? हाताच्या तारा एकमेकींच्या जागी. लाल डाव्या हाताला. पाच वर्षांत तू तारा चुकवलेल्या नाहीस. मग मला सांग, हा गणपत शेंडे पलंगावर झोपून स्वतःच्या तारा स्वतःच लावतो का?"

लाल माझ्या डावीकडे, पिवळी माझ्या उजवीकडे! पायथ्याशी उभ्या माणसाची युक्ती मी पलंगावर आडवा पडून वापरली होती. तीन वेळा, तीही न चुकता.

शैला सिस्टर हसता हसता जमिनीवर बसली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "झोप." त्यांनी स्वतःच्या हातानं तारा लावल्या. "थंड लागेल," असं मला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं. पट्टी आली, सरळ, तात्यांच्या वरताण.

"काळजाला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण गणपतनं मागे लिहिलंय ते खोटं नाही. आठ दिवस लिही. कधी झालं, कुठं झालं, तेव्हा आजूबाजूला काय होतं. 'काही नाही' असं लिहायचं नाही."

मी वहीच केली. सोमवार, साडेचार. छाती, पोट, घसा. आजूबाजूला: मशीन, पलंग, उघडी खिडकी. मंगळवार, तसंच. पलंग, खिडकी, भिंतीवर पाल. बुधवार, तसंच. पाल नव्हती. गुरुवार, काही झालं नाही. सिस्टर लवकर आली होती, धूर येतो म्हणून तिनं खिडकी लावली. शुक्रवार, शनिवार, पुन्हा झालं. खिडकी उघडी. रविवारी दवाखाना बंद, त्रासही बंद.

आठव्या दिवशी मॅडम साडेचारलाच आल्या. वही वाचली आणि मला खिडकीपाशी उभं केलं. खाली पार्वताबाईच्या चुलीवर मोठं पातेलं होतं, ती पेज ओतून काढत होती.

"होतंय?"

"होतंय."

"वास कसला येतोय?"

"भाताचा. नव्या तांदळाचा. तिनं गावाहून आणला असन. आमच्या घरी आता चुरणं चालू असन," मी म्हणालो. चुरणं म्हणजे आमच्याकडची धानाची मळणी. "माय दुपारच्याला नव्या धानाची पेज देते, मिठाचा खडा घालून. बा बैल हाकलते अन्..."

पुढं बोलता येईना. पाच वर्षं मी नाशिकचं मराठी नीट सांभाळून बोलत होतो, ते कधी सुटलं मला कळलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शैला सिस्टर दारातून म्हणाली, "अगंबाई, याला भूक लागलीय!" आणि मग तिलाही काय झालं कोण जाणे, ती पदर डोळ्यांना लावून आत गेली.

मॅडमनी गणपतचं कार्ड काढलं. निदानाच्या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला: 'घर'. त्याखाली औषध लिहिलं: 'पंधरा दिवस'.

"मॅडम, तिकडं मला डॉक्टर समजतात."

"मग जाऊन सांग, नाही म्हणून. तेवढं काळीज आहे तुझं, आत्ताच बघितलं मी."

निघायच्या आधी मी खाली गेलो. पार्वताबाईनं काही न विचारता पेजेचा वाडगा पुढं केला. मी सांगितलं, असं असं झालं म्हणून. तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. "एवढ्या तारा लावून तुला एवढंच कळलं व्हय?" ती म्हणाली. "गेला का माझ्यासाठी मूठभर तुझ्याकडचा तांदूळ आण." मी आणलाही. पण परत येईपर्यंत बांधकाम उरकून टोळी दुसरीकडं गेली होती. कुठं, ते मुकादमालाही सांगता आलं नाही. तो तांदूळ बरेच दिवस मशीनच्या कपाटात पडून होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं, आणि वाईटच वाटतं, गॅस होत नाही, एवढी सुधारणा माझ्यात झाली.

एक दिवस आणि एक रात्र प्रवास करून गावात पोचलो. माय म्हणाली, "काहून रे एवढा वाळला?" बानं खळ्यावरून नुसतं पाहिलं. "बरा आला. चुऱ्याले मानूस कमी होता." पाच वर्षांचं भांडण एवढ्यावर मिटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दहा-बारा माणसं बसलेली. काळजाचा डॉक्टर आला होता ना!

मी उभा राहिलो. छाती धडधडत होती. या वेळी मला माहीत होतं, ही लाज आहे. म्हटलं, "मी डॉक्टर नाही. मी डॉक्टरीणबाईंच्या मशीनच्या तारा लावतो. त्याबी एकदा उलट्या लावल्या." आणि गणपत शेंडेची सगळी गोष्ट सांगितली. माणसं पोट धरधरून हसली. मग एक म्हातारी म्हणाली, "डाक्टर नाई तं नाई, आला हायेस तं पायतोस का नाई?" आणि एकही माणूस उठला नाही.

मग काय करणार? माझ्याजवळ मशीन नव्हतं. मी एकेकाची नाडी धरली आणि आम्ही विचारतो तेच विचारलं. काय होते, कुठी होते, कधी होते? म्हातारीचं गुडघ्यापासून सुरू झालं आणि सुनेवर येऊन थांबलं. दोघांना तालुक्याच्या दवाखान्यात जायला सांगितलं, आणि ते बरं झालं, एकाचं खरंच दुखणं निघालं. बाकीच्यांना नुसतं कुणीतरी विचारायला हवं होतं.

सगळे गेल्यावर बा आला. पाटावर टेकला. मी डॉक्टर नसल्याचं त्यानं सगळ्या गावासोबत ऐकलं होतं.

"मलेबी पाय," म्हणाला. "इथी धकधक करते. गॅस असन."

"कधी होते, बा?"

"पोस्टमन दिसला का होते."

"अन् पोस्टमन गेला का?"

"चिठ्ठी देऊन गेला तं थांबते. नुसताच सायकलवर पुढं गेला तं रातभर राहाते."

पत्रं मी वर्षाला दोनच लिहायचो. पाच वर्षांची दहा. मी पुढं सरकून बाच्या बंडीची गुंडी काढली.

"थंड लागेल हं," माझ्या तोंडून सवयीनं गेलं आणि मी बाच्या छातीवर हात ठेवला.

"कोठचा थंड?" बा म्हणाला. "गरम हाय तुया हात. राहू दे जरासा."